बाबांचा फेलूदा, माझा फेलूदा

या मालेत आपण शहरांचा इतिहास बघतो आहोत. किल्ले झाले, गिरण्या झाल्या, बाजारपेठा झाल्या. आज आपल्याला जायचंय कोलकात्याला, आणि विषय आहे एका चित्रपटमालिकेचा. कुणी म्हणेल, सिनेमाचं वेड हा काय इतिहासाचा विषय झाला? मला विचाराल तर झाला. कोलकात्यात कुणालाही एकच प्रश्न विचारून बघा: 'तुमचा फेलूदा कोण?' जे नाव येईल त्यावरून त्या माणसाचं वय ओळखता येतं. सौमित्र म्हणाला, तर साठीच्या आसपासचा. सव्यसाची म्हणाला, तर चाळिशीतला. आणि प्रश्न विचारल्यावर समोरच्यानं आवाज चढवला, तर तो नक्की कोलकात्याचा.

मी जन्मले आणि वाढले त्याच शहरात. माझे बाबा नागपूरचे. १९७३ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत नोकरीला लागले आणि कोलकात्याचेच झाले. वय चोवीस, खिशात पैसे बेताचे, बंगाली शून्य. सुरुवातीला हाजरा भागात एका खोलीत राहायचे. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तिथे मराठी बोलायला मिळायचं, गणपतीत जेवायला मिळायचं. बाकीचा आठवडा मुक्यासारखा काढायचा. बाबांना या मुकेपणातून बाहेर काढलं ते फेलूदानं. म्हणून ही गोष्ट मी त्यांच्यापासून सुरू करते.

ज्यांना फेलूदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रदोषचंद्र मित्र, टोपणनाव फेलू, आणि बंगालीत मोठ्या भावाला म्हणतात तो 'दा'. वय सत्तावीस, उंच, चारमिनार सिगरेट ओढणारा, जवळ .३२ कोल्ट रिव्हॉल्व्हर. पण त्याचं खरं हत्यार म्हणजे डोकं. बंगालीत त्यासाठी झकास शब्द आहे, 'मगजास्त्र'. गोष्ट सांगणारा त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे. आणि तिसरे लालमोहन गांगुली ऊर्फ 'जटायू', थरारक कादंबऱ्या लिहून खपवणारे, स्वतः मात्र भित्रे आणि मनानं सोन्यासारखे. हा फेलूदा सत्यजित राय यांनी १९६५ च्या डिसेंबरमध्ये 'संदेश' मासिकात आणला. 'संदेश' त्यांच्या घरचंच. आजोबा उपेंद्रकिशोर यांनी ते १९१३ मध्ये सुरू केलं, वडील सुकुमार यांनी चालवलं, मध्ये बंद पडलं, आणि १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या जोडीनं पुन्हा उभं केलं. तेव्हा फेलूदा जन्मला तो मुलांच्या मासिकात, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९७० पासून फेलूदाच्या कादंबऱ्या 'देश'च्या पूजा अंकात येऊ लागल्या. आपल्याकडे दिवाळी अंक, तसा तिकडे पूजा अंक. आपला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, 'मनोरंजन' मासिकाचा, आणि त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. हे मूळचे आजगावकर! बंगाली शिकलेले, बंगालीतून मराठीत अनुवाद करणारे, आणि आडनाव लावायचे 'मित्र'. म्हणजे फेलूदाचं आडनाव आपल्याकडे त्याच्या जन्माआधीच येऊन बसलेलं होतं. हा निव्वळ योगायोग आहे, पण बाबांना तो फार आवडतो. बंगाली माणसांच्या घरी जेवायला बसले की ते हा किस्सा सांगणारच.

आता सिनेमाकडे येऊ.

पहिला चित्रपट 'सोनार केल्ला', म्हणजे सोन्याचा किल्ला. २७ डिसेंबर १९७४ ला तो लागला. तो काळ आठवा. कोलकाता नक्षलवादी चळवळ आणि पोलिसी कारवाई यांच्या धगीतून नुकतं बाहेर पडत होतं. रोज दिवे जायचे. अशा वेळी मुलांना घेऊन निश्चिंतपणे बघावा असा चित्रपट आला, आणि निर्माता होतं पश्चिम बंगाल सरकार. गोष्ट अशी: मुकुल नावाच्या मुलाला मागचा जन्म आठवतो आणि तो सोन्याच्या किल्ल्याची चित्रं काढतो. खजिन्याच्या आशेनं बदमाश त्याच्या मागे लागतात. त्याला वाचवायला फेलूदा आणि तोपशे राजस्थानात निघतात, आणि वाटेत आगगाडीत त्यांना जटायू भेटतात.

जटायूंना वाटतं, हे सहप्रवासी बंगाली नसावेत. म्हणून ते हिंदीत बोलायला लागतात. आणि बंगाली माणसाची ती हिंदी! सगळी लिंगं इकडची तिकडे. बाबा सांगतात, 'थिएटर हसत होतं आणि पहिल्यांदाच मीही त्यांच्याबरोबर हसत होतो. दोन वर्षं ऑफिसात माझ्या बंगालीला लोक हसायचे. आता बंगाली माणसाच्या हिंदीला सगळे हसत होते. हिशेब फिटला.' दुसऱ्या दिवशी बाबांनी 'सोनार केल्ला'चं पुस्तक विकत घेतलं आणि अक्षर लावून लावून वाचायला लागले. राय मुलांसाठी लिहायचे, त्यामुळे वाक्यं छोटी आणि स्वच्छ. रेल्वेतला नागपूरकर कारकून बंगाली शिकला तो असा.

या चित्रपटातला एक प्रसंग बंगालमध्ये पोराटोरांना पाठ आहे. जैसलमेरच्या वाटेवर बदमाशांनी काचा टाकून ठेवलेल्या असतात. गाडीचे टायर फुटतात. समोरून आगगाडी जाते आहे, ती गाठायची आहे, आणि वाळवंटात मिळतात फक्त उंट. तिघं उंटांवर बसतात, जटायू जीव मुठीत धरून. उंट पळतायत, रेल्वे धूर सोडत येतेय, रुमाल हलतोय. आणि गाडी थांबतच नाही. निघून जाते. आमचे वीर रात्री रामदेवरा स्टेशनवर थंडीत कुडकुडत पुढच्या गाडीची वाट बघतात.

बघा, हा मारधाडीच्या सिनेमातला पाठलाग आहे आणि नायक त्यात हरतो. आपण हिंदी सिनेमात वाढलेली माणसं. घोड्यावरून आगगाडी गाठली नाही तर तिकिटाचे पैसे परत मागू. पण राय यांना ठाऊक होतं की गाडी गाठण्यापेक्षा ती चुकण्यात मजा जास्त आहे, कारण ती आपल्या सगळ्यांची चुकलेली आहे. या प्रसंगाच्या चित्रीकरणावर त्यांनी 'एकेई बोले शूटिंग' या पुस्तकात एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे, उंट विरुद्ध रेल्वे असं. शेवटी किल्ल्यात खजिना निघतच नाही, आणि मुकुल म्हणतो, मला घरी जायचंय, कोलकात्याला. आजही बंगाली पर्यटक हा चित्रपट डोक्यात घेऊन जैसलमेरला जातात. तिथला पिवळा दगड उन्हात चमकतो त्याला ते 'सोनार केल्ला'च म्हणतात.

दुसरा चित्रपट 'जय बाबा फेलुनाथ', जानेवारी १९७९. गाव काशी, खलनायक मगनलाल मेघराज, आणि ते काम करणारे उत्पल दत्त. इथला गाजलेला प्रसंग मगनलालच्या दिवाणखान्यातला. एक म्हातारा सुरेफेक्या, हात थरथरतायत, आणि फळीला टेकून उभे केलेत आपले जटायू. सुऱ्या येऊन अंगाभोवती रुतत जातात. फेलूदा जागेवर बसून आहे, त्याला काहीही करता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा तो अपमान हीच मारामारी. शेवटी घाटावर फेलूदा मगनलालच्या भोवती गोळ्या झाडून त्याची परतफेड करतो, तेव्हा थिएटर उठून उभं राहायचं, असं बाबा सांगतात.

या दोन्ही चित्रपटांत फेलूदा होते सौमित्र चॅटर्जी आणि जटायू होते संतोष दत्त. संतोष दत्त व्यवसायानं वकील. त्यांनी जटायू असा काही उभा केला की उलटाच प्रकार घडला. राय गोष्टींना चित्रंही स्वतःच काढायचे. 'सोनार केल्ला'नंतर त्यांच्या चित्रांतला जटायू हळूहळू संतोष दत्तांसारखा दिसायला लागला. पुस्तकावरून सिनेमा होतो हे आपण नेहमी बघतो. इथे सिनेमातल्या माणसानं पुस्तकातला माणूस बदलला. मार्च १९८८ मध्ये संतोष दत्त गेले. राय यांनी पुन्हा फेलूदाचा चित्रपट केला नाही. बाबा म्हणतात, 'बरोबरच केलं.'

इथे माझी एन्ट्री होते. माझा पहिला फेलूदा थिएटरातला नव्हता, दूरदर्शनवरचा होता. १९८६ साल, मी आठ वर्षांची. 'सत्यजित राय प्रेझेंट्स' या हिंदी मालिकेत 'किस्सा काठमांडू का' लागली. दिग्दर्शक राय यांचे चिरंजीव संदीप राय. फेलूदा होता शशी कपूर, आणि जटायू होते आपले डॉ. मोहन आगाशे! तोपशे अलंकार जोशी. म्हणजे तिघांतले दोघं मराठी. आमच्या घरी दिवाळी. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस जटायू झालेत, हे बाबांनी इमारतीतल्या प्रत्येक बंगाली माणसाला थांबवून सांगितलं. आगाशे त्याआधी राय यांच्या 'सद्गती'तही होते, स्मिता पाटील यांच्याबरोबर, त्यामुळे बाबांच्या छातीत हवा भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र माझी कोंडी झाली. मैत्रिणी म्हणाल्या, शशी कपूर कसला फेलूदा, पोट बघ. आणि जटायू हिंदीत बोलतो? मी आगाशेंच्या बाजूनं भांडले. कशासाठी भांडते ते मलाही कळत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, 'तुला काय कळणार, तू बंगाली नाहीस.' घरी येऊन रडले. बाबांनी डोळे पुसले, आणि मग हळूच म्हणाले, 'एक सांगू? आगाशे उत्तम. पण जटायू संतोष दत्तच.' म्हणजे बापच फितूर! मंडळी, हसू नका. आठ वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कळलं की आपला माणूस आणि चांगलं काम हे दोन वेगवेगळे हिशेब असतात, आणि प्रामाणिक रसिकाला दोन्ही मांडावे लागतात.

२३ एप्रिल १९९२ ला राय गेले. तोवर फेलूदाच्या पस्तीस पूर्ण गोष्टी झाल्या होत्या. १९७९ नंतर मोठ्या पडद्यासाठी पुढचा फेलूदा बनला तो २००३ मध्ये. मध्ये चोवीस वर्षं. एवढ्या काळात एखादी मालिका मरून जाते. इंग्रजी जेम्स बाँड घ्या. १९६२ ते २०२१ पंचवीस चित्रपट, सहा बाँड. पण मागे बलाढ्य कंपनी आणि जगभरचा बाजार. त्यातही सहा वर्षांचा खंड पडला की लोक म्हणायचे, संपलं. इथे एक प्रादेशिक भाषा, बेताचा पैसा, आणि चोवीस वर्षांचा खंड. तरी फेलूदा मेला नाही. का?

माझ्या मते कारण एकच. तो लोकांच्या भांडणात जिवंत राहिला. पूजेच्या सुट्टीत पुस्तकं पुन्हा वाचली जायची, दूरदर्शनवर जुने दोन चित्रपट लागायचे, आणि चहाच्या दुकानात वाद चालायचा: आता करायचाच झाला तर फेलूदा कुणी करावा? १९९६ मध्ये संदीप राय यांनी टीव्हीसाठी 'बाक्शो रहस्य' केला. फेलूदा सव्यसाची चक्रवर्ती, जटायू रवी घोष. सव्यसाची उंच, आवाज खर्जातला, नजर धारदार. माझ्या पिढीला तिचा फेलूदा मिळाला. पण जटायूची खुर्ची जणू शापित. रवी घोष पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्यानंतर अनुप कुमार आले, तेही १९९८ मध्ये गेले.

मग २००३, 'बोम्बाइयेर बोम्बेटे', मुंबईचे दरोडेखोर. मूळ गोष्ट १९७६ ची, ती संदीप राय यांनी आजच्या काळात आणली. जटायूंच्या कादंबरीवर मुंबईत हिंदी सिनेमा निघतोय, त्याच्या शूटिंगच्या निमित्तानं हे तिघं मुंबईत येतात आणि खुनाच्या भानगडीत सापडतात. शेवटी आगगाडी, घोडे, झटापट, सगळा मसाला. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली. दोन तिकिटं काढली आणि बाबांना म्हटलं, चला. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. 'तूच जा. जटायू अठ्ठ्याऐंशीत गेले.'

मी एकटी गेले. पडदा उजळला आणि ती धून सुरू झाली. ही धून राय यांनी स्वतः 'सोनार केल्ला'साठी बांधलेली. मुलानं ती जशीच्या तशी पुढे चालवली. चेहरे सगळे नवे होते: फेलूदा सव्यसाची, तोपशे परमब्रत चट्टोपाध्याय, जटायू बिभू भट्टाचार्य. पण धून ऐकताच शिट्ट्यांनी थिएटर फुटलं. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. ते शिट्टी नाही वाजवू शकले, पण खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. तेव्हा मला कळलं की पिढ्यांना जोडून ठेवणारी गोष्ट नटाचा चेहरा नव्हती, ही चार सुरांची ओळख होती. गोष्टीतली मुंबई बघताना मात्र मजा वाटली. मुंबई म्हणजे आपली, आणि इथे ती कोलकात्याच्या नजरेनं दिसत होती: मोठी, चकचकीत, जरा लबाड.

२००७ मध्ये 'कैलाशे केलेंकारी' आला, आणि या वेळी फेलूदा थेट वेरूळला गेला. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातलं एका यक्षीचं मस्तक चोरीला जातं, आणि त्याचा माग काढत तिघं औरंगाबादमार्गे कैलास लेण्यात पोहोचतात. मूळ कादंबरी १९७३ ची. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, संसदेनं पुरावस्तू आणि कलावस्तूंचा कायदा केला होता, आणि तो लागू झाला १९७६ मध्ये. म्हणजे देवळांतल्या मूर्ती फोडून परदेशात विकण्याचा धंदा ऐन जोरात असताना राय यांनी मुलांसाठी ही गोष्ट लिहिली. फेलूदा त्यात कधी नव्हे इतका चिडलेला आहे. खून झाला तर एक माणूस मरतो, पण मूर्ती फोडली तर सगळ्यांच्या मालकीचं काहीतरी जातं, असा त्याचा राग.

हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा मी मुद्दाम आवाज मोठा ठेवला. बाबा आतून आले. 'काय पाहून राहिली?' मी म्हटलं, वेरूळ. शाळेच्या सहलीत ते लहानपणी वेरूळला गेले होते. सोळा नंबरचं लेणं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, कळसाकडून पायथ्याकडे कोरत आणलेलं, हे सगळं त्यांनी मला सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता खुर्चीत बसले. चित्रपट संपेपर्यंत उठले नाहीत. बिभू भट्टाचार्यांच्या एका प्रसंगाला हसले. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं. 'माणूस बरा आहे,' म्हणाले. मला तेवढं पुरलं.

त्याच सुमारास नागपूरच्या आत्यानं मराठीत फेलूदा मिळेल का म्हणून विचारलं. पुण्याच्या रोहन प्रकाशनानं अशोक जैन यांच्या अनुवादात ही मालिका काढली आहे. 'मुंबईचे डाकू', 'कैलासातील कारस्थान', 'काठमांडूतील कर्दनकाळ' वगैरे. बाबांनी संच घेतला, आधी स्वतः वाचला, मगच पाठवला.

पुढचे चित्रपट भराभर सांगते. २००८ 'टिंटोरेटोर जिशू', २०१० 'गोरोस्थाने साबधान', २०११ 'रॉयल बेंगॉल रहस्य'. शेवटचा डिसेंबरमध्ये लागला, आणि त्याआधी सप्टेंबरमध्येच बिभू भट्टाचार्य गेले होते. पडद्यावर ते हसवत होते आणि थिएटरात लोक डोळे पुसत होते. २०१४ मध्ये 'बादशाही आंगटी', नवा फेलूदा आबीर चॅटर्जी. गंमत म्हणजे आबीर आधीच ब्योमकेश बक्षी म्हणून पडद्यावर नावाजलेला. एकच माणूस दोन्ही गुप्तहेर कसे करणार, यावर कोलकात्यात जे रण माजलं ते मी इथे सांगत नाही. २०१६ मध्ये 'डबल फेलूदा'त सव्यसाची परत आले, तेव्हा ते साठीचे होते आणि फेलूदा सत्ताविशीचा! तरी लोक गेले, मीही गेले. २०२२ मध्ये 'हत्यापुरी' आणि २०२४ मध्ये 'नयन रहस्य', फेलूदा इंद्रनील सेनगुप्ता. शिवाय वेब मालिका वेगळ्या. त्यातल्या २०१७ च्या एकीत परमब्रत स्वतः फेलूदा झाला. तोपशे मोठा होऊन फेलूदा झाला, याहून घरगुती गोष्ट कोणती?

थिएटरसाठी बनलेले एवढेच धरले तर पन्नास वर्षांत अकरा चित्रपट, चार फेलूदा. सगळे चांगले झाले असं मी म्हणणार नाही. काही नुसते ओळखीच्या जागांवरून चालत जातात. पण खरा चाहता तोच ज्याला हे कळतं आणि तरी पुढच्या वेळी तिकीट काढतो.

१५ नोव्हेंबर २०२० ला सौमित्र चॅटर्जी गेले. करोनाचे दिवस. रवींद्र सदनापासून केवडातल्याच्या स्मशानापर्यंत माणसं चालत गेली. बाबा एकाहत्तरचे, घराबाहेर पडायला बंदी. टीव्हीसमोर बसून बघत होते. मला वाटलं आता म्हणतील, संपला फेलूदा. ते म्हणाले वेगळंच. 'मी त्या सव्यसाचीचे सगळे बघितलेत. तू नसताना, दुपारी.' सतरा वर्षं लपवून ठेवलेली गोष्ट! मी विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, 'मी पण मान्य केलं असतं, तर सौमित्रच्या बाजूनं बोलायला घरात कोण राहिलं असतं?'

मंडळी, या एका वाक्यासाठी मी हा सगळा भाग केला. आपल्याला वाटतं, 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणणारा माणूस नव्याचा वैरी असतो. तसं नाही. तो माप धरून बसलेला असतो. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला त्या मापाला उतरावं लागतं. माप धरणारे संपले की मालिका नुसती चालू राहते, जिवंत राहत नाही. आपल्या फास्टर फेणेचं बघा. भा. रा. भागवतांचा केवढा लाडका नायक! १९८० च्या दशकात सुमीत राघवन यांनी दूरदर्शनवर फेणे केला, २०१७ मध्ये अमेय वाघ यांनी मोठ्या पडद्यावर केला. दोघंही छान. पण खरा फेणे कोण यावरून कुणाच्या घरी जेवणं थंड झाली? आपण भांडलो नाही, आणि मला वाटतं, तिथेच कमी पडलो.

एक शेवटची गोष्ट. 'नयन रहस्य' बघायला आम्ही तिघं गेलो, बाबा, मी आणि माझी बारा वर्षांची लेक. बाबा पंचाहत्तरचे. धून सुरू झाली, त्यांनी काठीनं जमिनीवर ठेका धरला. बाहेर आल्यावर मी वाट बघत होते, नवा फेलूदा कसा वाटला यावर दोघांची जुंपेल. लेकीनं विचारलं, 'आजोबा, याच्यात मुली का नसतात?'

आम्ही दोघंही गप्प. मी चाळीस वर्षं फेलूदा वाचतेय. लहानपणी खेळात मी तोपशे व्हायचे, कारण दुसरं काही होताच यायचं नाही, आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. किशोरांसाठी लिहायचं म्हणजे प्रौढ विषय टाळावे लागतात, ही अडचण राय यांनी स्वतः मान्य केली होती. पण तेवढ्यानं मुलींची गैरहजेरी समजावता येत नाही. बारा वर्षांच्या मुलीला तर नाहीच.

उत्तर बाबांनी शोधलं. ज्या 'संदेश'मध्ये फेलूदा जन्मला, त्याच्या संपादनात राय यांच्याबरोबर दोन बायका होत्या: लीला मजुमदार आणि नलिनी दास. या नलिनी दास राय यांची आतेबहीण. त्यांनी त्याच 'संदेश'मध्ये 'गोएंदा गंडालू' लिहिलं. शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या चार मुली, कालू, मालू, बुलू आणि टुलू, रहस्यं उलगडतात. गंडा म्हणजे चार, आणि चौघींच्या नावाच्या शेवटी 'लू', म्हणून गंडालू. म्हणजे मुली होत्या. एकाच अंकाच्या पुठ्ठ्यात फेलूदाच्या शेजारी बसलेल्या होत्या. पण फेलूदाचा लेखक जगातला एक मोठा दिग्दर्शक होता. कॅमेरा त्याच्या हातात होता, आणि पुढे मुलाच्या हातात आला. गंडालूंच्या वाट्याला अशी पन्नास वर्षांची चित्रपटमालिका आली नाही. कोणता नायक टिकतो हे नुसत्या गोष्टीवर ठरत नाही, तिला पुढे नेणारा कोण आहे यावरही ठरतं. इतिहासाचा धडा म्हणून एवढं लिहून ठेवायला हरकत नाही.

बाबांनी कॉलेज स्ट्रीटवरून पुस्तक मागवलं. लेकीला बंगाली बोलता येतं, वाचता येत नाही. रोज संध्याकाळी दोघं बसतात. ती अक्षर लावून वाचते, ते चुका काढतात. नागपूरचा म्हातारा कोलकात्यात जन्मलेल्या मुलीला बंगाली शिकवतोय. परवा मी विचारलं, फेलूदा मोठा की गंडालू? दोघंही एकदम बोलायला लागले, आणि दोघांचंही उत्तर वेगळं होतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. आमच्या घराला भांडायला नवा विषय मिळाला आहे.

आज इथेच थांबते. तुमच्या घरात असा कुठला नायक असेल, ज्याच्यावरून बाप आणि लेक भांडतात, तर ते भांडण मिटवू नका.